हापूसच्या थेट विक्रीसाठी परवानगीची ईमेल यादी: सुरुवात नेमकी कुठून करावी?

कातळावरची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या बागेतून मुंबई-पुण्याला थेट हापूस पाठवतो. जोडीला आमसूल, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि काजूगर. वेबसाइट वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आहे, डोमेन स्वतःचं आहे, पण मेल जीमेलच्या साध्या पत्त्यावरून जातात. मागच्या दोन हंगामांच्या ऑर्डरींमधले साधारण ६०० ईमेल पत्ते एक्सेलमध्ये आहेत.

आतापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टवर चाललं. पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचत नाही. म्हणून येत्या हंगामाआधी ईमेलची यादी नीट उभी करायची आहे, लोकांच्या परवानगीने. हे ६०० पत्ते वापरता येतील का? परवानगी म्हणजे नेमकं काय काय जपून ठेवायचं? यादीला मेल पाठवणारी कुठली सेवा घ्यायची, डोमेनवर काय करावं लागतं, आणि आंबा तीन महिन्यांचा असताना बाकीचे नऊ महिने काय पाठवायचं? तपशिलात लिहिलंत तर फार मदत होईल.

---

टपालपेटी

ताई, पहिलं ते ६०० पत्त्यांचं. ते एक्सेल उचलून कुठल्याही सेवेत आयात करू नका. ते पत्ते लोकांनी पेटी कुठवर आली हे कळावं म्हणून दिले आहेत, पत्रं यावीत म्हणून नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हाच फरक धरून लिहिला आहे: माहिती ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी वापरायची.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात काय होतं ते बघा. दोन हंगामांपूर्वी एक पेटी घेतलेल्या माणसाला जानेवारीत अचानक 'बुकिंग सुरू' असं पत्र आलं तर तुमचं नाव त्याला आठवेलच असं नाही. अनोळखी वाटलं की हात थेट 'स्पॅम नोंदवा' या बटणाकडे जातो. जीमेलची अट अशी की प्रेषकाचं तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली हवं, आणि शक्यतो ०.१ च्या आतच. ही अट लहान प्रेषकांनाही आहे, आणि तक्रारीने डोमेनचं नाव खराब होतं ते लहानांचंही. ६०० पत्रांत ०.३ टक्के म्हणजे १.८. दोन माणसांनी बटण दाबलं की तुम्ही रेषेपलीकडे. मोठ्या कंपनीला दोन तक्रारी जाणवत नाहीत, लहान यादीला जाणवतात.

मग त्या ६०० जणांचं करायचं काय? त्यांना फॉर्मपर्यंत येऊ द्या. येत्या हंगामात ऑर्डर नोंदल्याचं, पेटी निघाल्याचं, पोचल्याचं जे पत्र तुम्ही तसंही पाठवणार, त्याच्या तळाशी एक ओळ: 'पुढच्या वर्षी पहिल्या पेट्यांची खबर आधी हवी असेल तर इथे नाव नोंदवा.' पेटीत आंबे पेंढ्यात कसे ठेवायचे याचा जो कागद घालता, त्यावर क्यूआर कोड छापा. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्मचा दुवा एकदा पाठवा. यातून १२० जण आले तरी ते १२० त्या ६०० पेक्षा जास्त पेट्या घेतील.

---

रानजाई

टपालपेटींशी बहुतांशी सहमत, एका बाबतीत नाही. ज्यांनी गेल्या १२ महिन्यांत खरेदी केली आहे त्यांना एकच पत्र पाठवायला हरकत नसावी: 'तुम्ही एप्रिलमध्ये आमच्याकडून पेटी घेतली होती. पुढच्या हंगामाची खबर हवी असेल तर इथे टिचकी मारा. नाही मारलीत तर हे शेवटचं पत्र.' विक्रीचा एक शब्दही त्यात नको. दुसऱ्यांदा आठवण नको. आणि ज्याने टिचकी मारली नाही त्याचा पत्ता यादीत येता कामा नये.

---

टपालपेटी

@रानजाई, असं पत्र लिहायचंच तर तुम्ही म्हणता तसंच लिहावं, पण ते एका दिवसात ६०० जणांना सोडू नये. नव्या डोमेनवरून पहिलंच पत्र एवढ्यांना गेलं तर जीमेलला त्या डोमेनची काहीच ओळख नसते. सगळ्यात अलीकडच्या ग्राहकांपासून रोज ४०-५० पाठवायची. पत्ता अस्तित्वात नसल्याने परत येणाऱ्यांचं प्रमाण २ टक्क्यांवर गेलं की तिथेच थांबायचं. तरीही माझं मत असं की हंगाम चार महिन्यांवर असेल तर थांबावं आणि ऑर्डरीच्या पत्रातल्या ओळीवर भिस्त ठेवावी. विचारणाऱ्या पत्रालाही परवानगी लागतेच, हा मुद्दा सुटत नाही.

---

कलम_सहा

परवानगीबद्दल थोडं नेमकं लिहितो, कारण 'चौकटीत खूण केली म्हणजे झालं' असा समज सर्रास दिसतो.

२०२३ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती माणसाने स्वतः काही कृती करून दिलेली हवी. प्रत्येक शब्दाचा तुमच्या फॉर्मवर थेट परिणाम होतो. आधीच खूण केलेली चौकट चालत नाही, कारण कृती तुम्ही केलीत, त्याने नाही. 'पत्रं घेतल्याशिवाय ऑर्डर देता येणार नाही' ही अट घालता येत नाही. 'अटी मान्य' आणि 'पत्रं पाठवा' एकाच चौकटीत कोंबता येत नाही. आणि संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. नाव नोंदवायला एक टिचकी आणि थांबवायला लॉगिन-पासवर्ड, हे बसत नाही.

सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता यावी अशी तरतूद आहे. मराठी त्यात आहेच. तेव्हा फॉर्मखालचा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे ठेवा. या कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण आज गोळा केलेली यादी तेव्हाही वापरायची आहे ना? मग आजच त्या मापाने शिवा.

नोंद काय ठेवायची: पत्ता, दिनांक आणि वेळ, कुठल्या पानावरून आला, आयपी, पुष्टीच्या पत्रात (पत्ता खरंच त्याचा आहे ना आणि पत्रं हवीत ना, हे विचारणाऱ्या) टिचकी कधी मारली, आणि त्या दिवशी फॉर्मवर नेमकं कुठलं वाक्य होतं. हे शेवटचं बहुतेकांकडे नसतं. फॉर्मचं वाक्य बदललं की जुन्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवून द्या, काम होतं.

अवांतर: एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायची डीएलटी (व्यापारी संदेश पाठवणाऱ्यांची) नोंदणी लागते ती ईमेलला लागत नाही. कुणी 'ईमेलसाठी डीएलटी करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

---

शून्यबाऊन्स

आता डोमेनचं. हे एका बैठकीत होतं, पण ज्या दोन-तीन जागी घोळ होतो त्या ठरलेल्या आहेत.

सर्वात आधी, जीमेलच्या साध्या पत्त्यावरून यादीला पाठवणं बंद. दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, बीसीसीत सगळे घातले तर थांबवण्याची सोय नाही, आणि एखाद्या ईमेल सेवेतून 'प्रेषक' म्हणून जीमेलचा पत्ता लावला तर तो डोमेन तुमचा नसल्याने पडताळणी जुळतच नाही. प्रेषकाचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा हवा आणि त्यावर आलेलं उत्तर खरोखर कुणीतरी वाचायला हवं. 'उत्तर देऊ नका' छापाचा पत्ता ठेवू नका. आंब्याच्या धंद्यात लोक उत्तरातच ऑर्डर देतात.

डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती जिथून सगळे सर्व्हर वाचतात ती नोंदवही) तीन गोष्टी: एसपीएफ, डीकिम, डीमार्क.

एसपीएफ ही 'माझ्या नावाने कोण कोण पाठवू शकतं' याची यादी, टीएक्सटी (मजकुराच्या) रेकॉर्डमध्ये. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. होस्टिंगवाल्याचा आधीच असतो, नवी सेवा घेतली की लोक दुसरा घालतात, आणि दोन्ही निकामी होतात. जुन्यातच नव्या सेवेचा 'इन्क्लूड' जोडायचा. शिवाय त्यातून होणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर गेल्या की तपासणी फसते, म्हणून सोडून दिलेल्या सेवांची नावं काढून टाका.

डीकिम म्हणजे प्रत्येक पत्रावर डोमेनची सही. सेवा तुम्हाला एक-दोन सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारे) किंवा टीएक्सटी रेकॉर्ड देते, ते जसेच्या तसे चिकटवायचे. किल्ली २०४८ बिटची मिळत असेल तर तीच घ्या. इथला नेहमीचा घोळ: 'नाव' या रकान्यात सेवेने दिलेलं पूर्ण नाव टाकलं जातं, आणि बरीचशी डोमेन पॅनेलं पुढे डोमेन आपोआप जोडतात. मग नावात डोमेन दोनदा येतो आणि सेवा 'रेकॉर्ड सापडला नाही' म्हणत राहते. डोमेनच्या आधीचाच भाग टाकायचा.

डीमार्क या दोन्हींवरचं धोरण: तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं. सुरुवातीला धोरण 'नन', म्हणजे फक्त अहवाल घ्यायचे. तीन-चार आठवडे अहवालात तुमचीच सगळी पत्रं पास होताना दिसली की 'क्वारंटाइन', म्हणजे नापास पत्रं स्पॅममध्ये. घाई इथे महाग पडते, कारण वूकॉमर्सच्या पावत्या बहुधा होस्टिंगच्या सर्व्हरवरून, सहीशिवाय जात असतात. यादीची पत्रं नीट लावली, डीमार्क कडक केला आणि ऑर्डरच्या पावत्या स्पॅममध्ये पडू लागल्या, हा प्रकार तिथूनच होतो. आधी एसएमटीपी प्लगइन लावून पावत्याही सही करणाऱ्या सेवेतून पाठवा, मगच धोरण बदला.

तपासायचं असं: स्वतःच्या जीमेलवर एक पत्र पाठवा, तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'मूळ दाखवा' उघडा. तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे, आणि डीकिमपुढचा डोमेन तुमचा हवा. तिथे सेवेचा डोमेन दिसत असेल तर डीकिम 'पास' असूनही डीमार्कच्या दृष्टीने ती सही तुमची नाही.

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले. जीमेल पत्त्यांना दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त पत्रं गेली की तिन्ही गोष्टी आणि एका टिचकीत थांबवण्याची सोय सक्तीची. तुम्ही तिथवर जाणार नाही, पण लहानांनीही निदान एसपीएफ किंवा डीकिम लावलंच पाहिजे असं गूगल म्हणतं. तिन्ही लावा, खर्च शून्य आहे.

---

कातळावरची

खूप आभार. डीएनएसचं पॅनेल उघडून पाहिलं, एसपीएफचे दोन रेकॉर्ड आहेतच! सेवा कुठली घ्यावी यावरही लिहाल का? आणि एकदा पत्ता टाकला, मग पुन्हा पुष्टीची टिचकी, हे दोनदा विचारणं लोकांना जाचक होणार नाही का?

---

शून्यबाऊन्स

सेवा: ब्रेवो, झोहो कॅम्पेन्स, मेलरलाइट, मेलचिंप यांपैकी कुठलीही चालेल. निवडताना चार गोष्टी तपासा. पुष्टीचं पत्र मराठीत लिहिता येतं का, थांबवण्याचं पान मराठीत करता येतं का, दर पत्त्यांच्या संख्येवर आहे की पाठवलेल्या पत्रांवर, आणि यादी कधीही पूर्ण उतरवून घेता येते का. तुमच्यासारख्या हंगामी धंद्याला पत्रांवरचा दर परवडतो, कारण पत्त्यांवरचा दर पावसाळ्यातही दर महिन्याला कापला जातो. मेलचिंपमध्ये थांबवलेले पत्तेही हिशेबात धरले जातात, ते 'अर्काइव्ह' करावे लागतात.

अ‍ॅमेझॉन एसईएस सगळ्यात स्वस्त, १,००० पत्रांना १० सेंट. पण तिथे फॉर्म, पुष्टी, यादी सांभाळणं हे सगळं तुम्हीच उभं करायचं. सुरुवातीला सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या अवस्थेत) २४ तासांत २०० पत्रं, तीही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच. परत येणारी पत्रं ५ टक्क्यांवर गेली की खातं देखरेखीखाली जातं, १० वर पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. घरात कुणी प्रोग्रॅमिंग करणारं नसेल तर पहिल्या वर्षी नको.

परदेशी सेवा घेतलीत तर सीएंना जीएसटीचं विचारून घ्या. तुमची नोंदणी आहे की नाही यावर तो कर तुम्ही भरायचा की ती सेवा लावणार हे ठरतं.

---

टपालपेटी

दुहेरी पुष्टीबद्दल. जाच होतो, थोडे जण गळतात, तरीही ठेवा. तिच्याशिवाय यादीत काय शिरतं ते पाहा: 'जीमेल'च्या स्पेलिंगमध्ये चुकलेले पत्ते, दुसऱ्याचा पत्ता टाकणारे, आणि बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम). बॉट एकाच माणसाचा पत्ता शेकडो फॉर्ममध्ये टाकून त्याची मेलपेटी भरून टाकतात, आणि तुमचा फॉर्म त्यातला एक ठरतो. पुष्टी असेल तर त्याला तुमचं एकच पत्र जातं आणि विषय तिथे संपतो. फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवा. माणसाला तो दिसत नाही, बॉट भरतो, भरलेला आला की नोंद टाकून द्यायची.

गळती कमी करायची जागा म्हणजे पुष्टीचं पत्र. ते ताबडतोब गेलं पाहिजे, माणूस अजून पानावर असताना. फॉर्म भरल्यावरच्या पानावर सांगा: 'आत्ताच एक पत्र पाठवलं आहे. दिसलं नाही तर प्रमोशन्स आणि स्पॅममध्ये पाहा.' पत्राचा विषय: 'एक टिचकी बाकी: बागेची पत्रं सुरू करायची ना?' आत दोन वाक्यं आणि एक बटण, बस्स. ४८ तासांत टिचकी आली नाही तर एकच आठवण. १४ दिवसांत नाही तर पत्ता काढून टाका.

फॉर्ममध्ये तीनच गोष्टी विचारा: ईमेल, पहिलं नाव, पिन कोड. पिन कोड एवढ्यासाठी की तुम्ही पोचवत नाही त्या शहरातल्या माणसाला 'उद्या घरपोच' असं पत्र जाऊ नये. जन्मतारीख, फोन, कुटुंबात किती जण, काही नको. आणि बटणावर 'सबस्क्राइब' लिहिण्यापेक्षा वचन लिहा: 'हंगामात आठवड्याला एक, एरवी महिन्याला एक पत्र. बागेची खबर, भाव आणि शिल्लक पेट्या. कधीही थांबवता येईल.' हे वाचून जो आला तो दोन महिन्यांनी 'हे कोण?' म्हणत नाही.

आमिष म्हणून १० टक्के सूट ठेवू नका. सवलतीसाठी लोक खोटे पत्ते टाकतात, आणि मार्चच्या पेटीला सूट द्यायची गरजही नसते. पहिल्या पेट्यांवर यादीतल्यांचा २४ तास आधी हक्क, हे आंब्याच्या बाबतीत सवलतीहून मोठं आमिष आहे.

---

अक्षरजुळणी

मराठी मजकुराच्या अडचणी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून.

मजकूर युनिकोडमध्येच. छपाईसाठी जुन्या फॉन्टात टाइप केलेलं पत्रक कॉपी करून चिकटवलं तर समोरच्याला चिन्हांचा कचरा दिसतो. आधी कन्व्हर्टरने बदला आणि मग डोळ्यांनी वाचून काढा, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेलं पोस्टर म्हणजे पत्र नव्हे. भाव, तारखा, फोन नंबर सगळं एका चित्रात असेल तर चित्रं बंद ठेवणाऱ्याला कोरा चौकोन दिसतो, आणि पत्रात शोधही घेता येत नाही. बागेचा एक फोटो घाला, रुंदी ६०० पिक्सेल, वजन १५० केबीच्या आत, आणि त्याला पर्यायी मजकूर द्या. बाकी सगळं टाइप केलेलं.

जीमेल १०२ केबीपेक्षा मोठं पत्र कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा देतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे ६०० शब्दांचा मराठी मजकूर साधारण १० केबी. एवढ्याने काही होत नाही. पण काही संपादक प्रत्येक चिन्ह अंकी सांकेतिक रूपात बदलतात: 'क' साठी अँपरसँड, हॅश, २३२५ आणि अर्धविराम, एकूण ७ बाइट. त्यात ओढून-ठेवून बनवलेल्या नक्षीदार साच्याचं एचटीएमएल आलं की मर्यादा जवळ येते. कापला जातो तो तळाचा भाग, आणि 'पत्रं थांबवा' हा दुवा तिथेच असतो. थांबवायला दुवा सापडला नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. एका स्तंभाचा साधा साचा घ्या आणि थांबवण्याचा दुवा वर, पहिल्या ओळीतही द्या.

अक्षराचा आकार १७ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.६ पट. इंग्रजीसाठीचं १.२ ठेवलंत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. तिरपी अक्षरं नकोत. वेब फॉन्ट जीमेलमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे फोनमधलाच फॉन्ट कसा दिसतो ते बघून पत्र रचा. लोगो पारदर्शक आणि काळ्या अक्षरांचा असेल तर डार्क मोडमध्ये नाहीसा होतो, मागे पांढरी पट्टी द्या.

विषयाची ओळ ३५-४० अक्षरांत, महत्त्वाचं आधी. 'पहिल्या पेट्या: बुकिंग शुक्रवारी सकाळी १० ला' यात 'पहिल्या पेट्या' कुठल्याही फोनवर कापलं जात नाही.

---

सातासमुद्रापलीकडे

न्यू जर्सीतून. पुण्यातल्या आई-बाबांसाठी पेटी मागवणारे आमच्यासारखे बरेच असतात, त्यांच्याबद्दल दोन ओळी. अमेरिकेतल्या वाचकांना व्यापारी पत्र जात असेल तर २००३ चा कॅन-स्पॅम कायदा पाळावा: पत्रात खरा टपाल पत्ता, फसवी नसलेली विषय-ओळ, आणि थांबवण्याची विनंती १० कामकाजाच्या दिवसांत अमलात. युरोपातले असतील तर तिथला डेटा संरक्षण कायदा जीडीपीआर, तिथे संमतीचा पुरावा तुमच्याकडेच मागितला जातो. दुहेरी पुष्टी आणि वर 'कलम_सहा' यांनी सांगितलेली नोंद असेल तर बहुतेक काम झालेलं असतं.

फॉर्ममध्ये 'पेटी कुठल्या शहरात पोचवायची' असं विचारा. आमचा स्वतःचा पिन कोड तुमच्या कामाचा नाही. आणि तारखा लिहिताना 'आज रात्रीपर्यंत' न लिहिता 'भारतीय वेळेनुसार ९ पर्यंत' लिहा.

---

टपालपेटी

शहराचा मुद्दा बरोबर, पिन कोडऐवजी 'पोचवण्याचं शहर' करा.

आता मूळ प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग: नऊ महिने. परवानगी लोकांच्या आठवणीवर टिकते. मेमध्ये आनंदाने नाव नोंदवलेल्या माणसाला पुढचं पत्र थेट मार्चमध्ये आलं तर कागदावर परवानगी असूनही त्याच्या लेखी तुम्ही परके. हंगामी धंद्यांच्या याद्या मरतात त्या बहुतेक इथेच. म्हणून महिन्याला एक पत्र चुकवू नका, २५० शब्दांचं असलं तरी पुरे.

विषय बागच देते. जूनमध्ये हंगामाचा हिशेब आणि आभार. जुलै-ऑगस्टमध्ये आमसुलं, आगळ, सोलकढीचं प्रमाण. गणपतीच्या आधी काजूगर. पाऊस सरला की बागेची साफसफाई. डिसेंबर-जानेवारीत मोहोर. हे पत्र सगळ्यात जास्त वाचलं जातं असं मला वाटतं, कारण मोहोर किती आला, तुडतुडे किती आहेत, थंडी टिकली का, यावरून पेटी कधी आणि कितीला मिळेल याचा अंदाज लोक बांधतात. ढगाळ हवेने मोहोर गळला तर तेही लिहा. फेब्रुवारीत पहिल्या पेट्यांची नोंदणी. मग गुढीपाडवा ते मेअखेर आठवड्याला एक, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात जास्तीत जास्त दोन.

हंगामात पत्र एकदम सगळ्यांना सोडू नका. आठवड्याला ४० पेट्या निघणार आणि पत्र ५०० जणांना गेलं, तर तासाभरात पेट्या संपतात आणि उरलेले 'उपलब्ध नाही' असं पान बघतात. दोन वेळा असं झालं की तिसरं पत्र ते उघडत नाहीत. आधी मागच्या वर्षीचे ग्राहक, दुसऱ्या दिवशी इतर, शहरवार. वूकॉमर्समधला साठा पत्र सोडण्याआधी खरा आहे का ते तपासा.

पेटी पोचल्यावर 'आंबे पेंढ्यात ठेवा, रोज बघा, पिवळे झालेले आधी काढा, फ्रिजमध्ये कच्चे ठेवू नका' हे पत्र ऑर्डरीचा भाग आहे, ते प्रत्येक ग्राहकाला जाऊ शकतं. त्यात 'आता आंबापोळीवर सवलत' घातलीत की ते जाहिरातीचं पत्र झालं. मोह टाळा.

---

रानजाई

मोजायचं कसं, तेही लिहिते. किती जणांनी उघडलं या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, तेव्हापासून आयफोनवरच्या ॲपलच्या मेल अ‍ॅपमधली पत्रं माणसाने न वाचताही 'उघडली' म्हणून मोजली जातात. टिचक्या, उत्तरं आणि ऑर्डरी बघा. प्रत्येक पत्राच्या दुव्याला वेगळी खूण लावा, म्हणजे कुठल्या पत्राने किती पेट्या गेल्या ते वूकॉमर्समध्ये दिसेल. काही ऑफिसांतली सुरक्षा यंत्रणा सगळे दुवे स्वतःच उघडून पाहते, तेव्हा पाठवल्यापाठवल्या काही सेकंदांत आलेल्या टिचक्या धरू नका.

गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन जोडून ठेवा, पण एवढ्या लहान यादीला तिथे बऱ्याचदा आकडे दिसतच नाहीत. कोरं दिसलं म्हणजे बिघडलं असं नाही.

साफसफाई: पत्ताच नाही म्हणून परत आलेला लगेच बाद. मेलपेटी भरलेली म्हणून परत आलेला तीन वेळा सलग आला तर बाद. 'सहा महिने टिचकी नाही तर काढा' हा सल्ला सगळीकडे मिळेल, तो तुम्हाला लागू नाही. आंब्याचा ग्राहक ऑक्टोबरात टिचकी मारत नाही. एक पूर्ण हंगाम गेला आणि एकदाही टिचकी, उत्तर किंवा ऑर्डर नाही, तर पुढे पत्रं हवीत का ते जूनमध्ये विचारा.

आणि थांबवलेले पत्ते पुसून टाकू नका, 'पाठवू नये' या यादीत ठेवा. पुसले तर पुढच्या वर्षी एक्सेलमधून तेच पुन्हा आयात होतात आणि ज्याने थांबवलं होतं त्यालाच पत्र जातं.

---

कातळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. एसपीएफचा रेकॉर्ड एकच केला. शेवटचे दोन प्रश्न: प्रदर्शनात स्टॉलवर वहीत लोक पत्ते लिहून देतात, ते चालतील? आणि जूनमधलं ते विचारणारं पत्र कसं लिहायचं?

---

टपालपेटी

वहीतले पत्ते चालतात, पण पानाच्या माथ्यावर फॉर्मवरचंच वाक्य हवं आणि तारीख हवी. अक्षर लावण्यात चुका होतात, म्हणून त्याच दोन दिवसांत टाइप करून पुष्टीचं पत्र पाठवा. पंधरा दिवस गेले की स्टॉलची आठवण पुसते. त्याहून बरं म्हणजे टेबलावर क्यूआर कोड उभा करायचा. माणूस स्वतःच्या फोनवर स्वतः टाइप करतो आणि नोंद आपोआप होते. वही फक्त ज्यांना फोनवर जमत नाही त्यांच्यासाठी.

जूनचं पत्र असं: विषय 'पुढच्या हंगामात पत्र पाठवू का?' आत तीन बटणं. 'हो, वर्षभर', 'फक्त हंगामात', 'थांबवा'. मधलं बटण विसरू नका. एरवी जे पूर्ण थांबवतील त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त सोलकढी नको असते, आंबा हवाच असतो. ज्यांनी काहीच दाबलं नाही त्यांना १० दिवसांनी एकदा, मग 'पाठवू नये' मध्ये. 'फक्त हंगामात' म्हणणाऱ्यांचा वेगळा गट करा आणि त्यांना जानेवारीत मोहोराचं एकच पत्र पाठवून मग फेब्रुवारीत बुकिंगचं पाठवा. बटणाखाली ते स्पष्ट लिहा: 'पहिलं पत्र जानेवारीत येईल.'

तुमच्या बागेची जीआय (भौगोलिक मानांकन) अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो क्रमांक टपाल पत्त्याखाली तळटीपेत घाला. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं आहे आणि दुसरा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, त्यामुळे लोक तो क्रमांक बघतात.

---

शून्यबाऊन्स

एक राहिलं. डीमार्कचे अहवाल यंत्राने वाचायच्या एक्सएमएल फाइलींत रोज येतात. रोजच्या पत्त्यावर घेऊ नका, नाहीतर ऑर्डरी त्यात हरवतील. वेगळा पत्ता करा आणि आठवड्यातून एकदा अहवाल वाचून दाखवणाऱ्या एखाद्या मोफत साधनात टाकून बघा. एसपीएफ दुरुस्त केल्यावर निदान एक दिवस थांबून पुन्हा 'मूळ दाखवा' करा, जुना रेकॉर्ड काही सर्व्हरांकडे टीटीएल (तो साठवून ठेवायची ठरलेली मुदत) संपेपर्यंत राहतो. आणि पावत्यांची तपासणी वेगळी करा: स्वतःच एक ऑर्डर टाका, तिचं पत्र उघडा, तिथेही तिन्ही 'पास' दिसायला हवेत.